विश्लेषण : घरची बटर कुकी ट्रेवर पसरते का? कृती तीच, मग बिघडते कुठे?

दिवाळीच्या सुट्टीपासून नाताळपर्यंतचे दिवस हे घरगुती बेकिंगचे दिवस. मोबाइलवर कृती पाहून महागाचे बटर आणले जाते, मैदा-साखर वजनकाट्यावर मोजली जाते. तरीही ट्रेवर नीट मांडलेल्या कुकीज ओव्हनमध्ये गेल्यावर वितळून एकमेकींना चिकटतात आणि त्यांची एकच पातळ पोळी होते. ‘आपल्या हाताला गुण नाही’ असे म्हणून मग पुन्हा बेकरीचा रस्ता धरला जातो. अनेकदा दोष हाताचा नसतो. थंड देशांतल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेली कृती आपण तीस अंशांच्या उकाड्यात जशीच्या तशी करत असतो. बटर कुकीमागचे हे गणित काय आहे, लोणी, तूप आणि वनस्पती तूप यांनी काय फरक पडतो आणि ओव्हन नसेल तर काय करता येते, याचा आढावा.

बटर कुकी म्हणजे नेमके काय?

‘कुकी’ हा शब्द डच भाषेतल्या ‘कूक्ये’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ छोटा केक. बटर कुकीत मोजकेच घटक असतात : लोणी, साखर, मैदा आणि वासासाठी व्हॅनिला. स्कॉटलंडमधल्या ‘शॉर्टब्रेड’चे प्रमाण सर्वांत सोपे. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. बाकीचे प्रकार याच प्रमाणाच्या आसपास फिरतात.

उत्तर युरोपात या बिस्किटांचे नाते नाताळशी आहे. डेन्मार्कमध्ये व्हॅनिलाच्या चुणीदार कड्या करतात. निळ्या गोल डब्यातून जगभर पोहोचलेली आणि नंतर तो डबा सुईदोऱ्यासाठी वापरला गेलेली बिस्किटे याच परंपरेतली. जर्मनीत पीठ साच्यातून दाबून काढतात, त्याला ‘स्प्रिट्झगेबेक’ म्हणतात. नॉर्वेत तर नाताळला घरात सात प्रकारची बिस्किटे असावीत असा जुना संकेत आहे. आपल्याकडे फराळाच्या ताटात किती जिन्नस झाले हे मोजले जाते, तसाच हा प्रकार.

खुसखुशीतपणा कशामुळे येतो?

मैद्यात पाणी पडले आणि तो मळला, की त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळीला, पावाला हे जाळे हवे असते. कुकीला नको असते. पिठाच्या कणांवर स्निग्धांशाचा थर बसला तर पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि जाळे तुटक राहते. करंजी, शंकरपाळे किंवा चकलीच्या पिठात मोहन घालतात त्यामागेही हेच कारण आहे. फरक इतकाच, की शंकरपाळ्यात मोहन बेताचे असते आणि बटर कुकीत मैद्याच्या दोनतृतीयांश वजनाइतके लोणी असते. इतके लोणी असल्यामुळे सारा खेळ त्या लोण्याच्या अवस्थेवर अवलंबून राहतो.

दुसरे काम हवेचे. लोणी आणि साखर एकत्र फेसताना साखरेचे कण लोण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकवतात. भट्टीत हेच बुडबुडे फुगतात आणि कुकी हलकी होते. जुन्या पद्धतीत नानकटाईसाठी परातीत तूप तळहाताने पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसत, ते याचसाठी.

नानकटाई आणि बटर कुकी यांचे नाते काय?

दोघी एकाच घराण्यातल्या. नानकटाईतला ‘नान’ हा रोटीसाठीचा फारसी शब्द. ‘खताई’बद्दल एकमत नाही. सुरतेत डचांची वखार होती. तिथल्या डचांची बेकरी पुढे एका पारशी कारागिराकडे आली आणि त्यातून नानकटाई, खारी असे प्रकार रुजले, अशी कथा सांगितली जाते. मुंबईच्या बेकऱ्यांत खारी आणि टोस्टच्या शेजारी ‘बटर’ नावाचा टणक गोल प्रकारही असतो. चहात बुडवून खायच्या या ‘बटर’मध्ये लोणी असतेच असे नाही.

महाराष्ट्रात दोन पिढ्यांपूर्वी घरात ओव्हन नव्हते, पण ‘घरची’ नानकटाई होती. सुट्टीच्या किंवा दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे, पत्र्यांवर नानकटाई मांडून भाजून घ्यायची आणि डबे भरून घरी आणायचे, ही पद्धत अनेक गावांत होती. पाव भाजून झाल्यावर भट्टीची आच उतरत जाते. ती मंद आच नानकटाईला मानवते. आता या भट्ट्याही बदलत आहेत. हवा प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले.

गोव्यात आणि वसईकडे नाताळचा फराळ वेगळा. तिथे रवा-खोबऱ्याच्या बोलिन्या, कलकल, नेवऱ्या असतात. त्यांच्या ताटातही आता बटर कुकी दिसू लागली आहे.

लोणी, तूप, वनस्पती तूप : फरक कशाने पडतो?

फरक दोन गोष्टींचा. त्यात पाणी किती आहे आणि ते किती अंशांना वितळते.

विकतच्या टेबल बटरमध्ये नियमानुसार किमान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश आणि कमाल १६ टक्के पाणी असते. मीठ ३ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे २०० ग्रॅम खारट बटरमधून ६ ग्रॅमपर्यंत, साधारण एक चमचा, मीठ पिठात जाऊ शकते. म्हणून कुकीसाठी मीठविरहित बटर घ्यावे. ते न मिळाल्यास कृतीतले वेगळे मीठ तरी वगळावे.

घरच्या लोण्यात पाण्याचे आणि ताकाचे प्रमाण दर वेळी वेगळे असते. थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन, घट्ट करून, पाणी पूर्ण निथळून ते वापरता येते. तरीही पहिल्या घाण्याला चार-पाच कुकीज भाजून पाहणे शहाणपणाचे.

तुपात पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे २०० ग्रॅम बटरच्या जागी २०० ग्रॅम तूप घातले, की स्निग्धांश जास्त होतो आणि कुकी पसरते किंवा हातात भुगा होते. २०० ग्रॅम बटरला साधारण १६० ग्रॅम तूप पुरते. पीठ फारच कोरडे वाटले तर चमचाभर दूध घालावे. तूप रवाळ, थिजलेले हवे. पातळ केलेले तूप हवा धरत नाही.

वनस्पती तुपाचे गुपित त्याच्या घट्टपणात आहे. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केले जात असे. भारतात १९३७ मध्ये ‘डालडा’ आला आणि पुढे हे ब्रँडचे नावच सर्व वनस्पती तुपांसाठी रूढ झाले. ते स्वस्त होते, टिकत होते आणि उकाड्यातही थिजलेले राहत होते. बेकरीची नानकटाई कधी पसरत नसे, त्यामागे हेही कारण होते.

याची किंमत आरोग्याने मोजली. तेल अर्धवट हायड्रोजनेटेड करताना ट्रान्स फॅट तयार होते आणि त्याचा हृदयविकाराशी थेट संबंध सिद्ध झाला आहे. औद्योगिक ट्रान्स फॅटवर २००३ मध्ये कायद्याने मर्यादा आणणारा डेन्मार्क हा पहिला देश ठरला. बटर कुकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशानेच हे पाऊल आधी उचलले. भारतात ‘एफएसएसएआय’ने तेल आणि स्निग्ध पदार्थांतली मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. सुट्या वनस्पती तुपाबद्दल मात्र खात्री करणे ग्राहकाला अवघड जाते. घरी बेकिंग करण्याचा खरा फायदा इथे आहे. कुकीत कोणता स्निग्ध पदार्थ गेला हे करणाऱ्याला ठाऊक असते.

‘रूम टेम्परेचर’चे बटर म्हणजे किती अंशांचे?

बिघाडाचे मूळ इथे आहे. इंग्रजी कृतीत बटर ‘रूम टेम्परेचर’ला आणा असे लिहिलेले असते. तिथे खोलीचे तापमान साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस धरलेले असते. या तापमानाला बटर दाबले जाईल इतके मऊ असते, पण त्यातला पुरेसा स्निग्धांश स्फटिकरूपात असतो. ते स्फटिक हवेचे बुडबुडे धरून ठेवतात.

ऑक्टोबर हीटमध्ये मुंबईच्या स्वयंपाकघरात सहज ३० ते ३२ अंश तापमान असते. या तापमानाला लोण्यातला बहुतेक स्निग्धांश द्रवरूप झालेला असतो. पस्तिशीच्या आसपास ते पूर्ण वितळते. तासभर ओट्यावर ठेवलेले असे बटर साखरेबरोबर कितीही फेसले तरी हलके होत नाही, तेलकट होते. अशा पिठाची कुकी ओव्हनमध्ये गेली, की कडा घट्ट होण्याआधीच लोणी वाहू लागते आणि कुकी पसरते.

यावरचे उपाय सोपे आहेत. फ्रिजमधून काढलेल्या बटरचे लहान चौकोनी तुकडे करावेत आणि उकाड्यात ते दहा-पंधरा मिनिटेच बाहेर ठेवावेत. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत रुतू नये. बटरवर चकाकी दिसली तर ते जास्त मऊ झाले. पाच-दहा मिनिटे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावे. फेसताना भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवले तरी चालते. पीठ तयार झाल्यावर तळहाताने फार वेळ मळू नये. हाताची ऊबही लोणी वितळवते.

म्हणूनच एकाच घरात, एकाच कृतीने दिवाळीत पसरलेली कुकी डिसेंबरात चांगली होते. पुणे-नाशिककडे थंडी पडली, की बटर आपोआप योग्य अवस्थेत असते.

घरासाठी भरवशाचे प्रमाण कोणते?

साधारण ३० कुकीजसाठी : मीठविरहित बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मैदा २७० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स एक चमचा, चिमूटभर मीठ. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन होत नाही, त्यामुळे कुकी अधिक खुसखुशीत होते. अंडे लागत नाही.

वाटी-कपाच्या मापावर विसंबू नये. हलक्या हाताने भरलेला कपभर मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो, दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांत ७५ ग्रॅमचा फरक पडला, की कुकी कोरडी पडणार. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर निम्मे काम झाले.

बटर आणि पिठीसाखर फिकट, हलकी होईपर्यंत चार-पाच मिनिटे फेसावी. व्हॅनिला घालावा. मैदा, कॉर्नफ्लोअर आणि मीठ दोनदा चाळून मिसळावे. गोळा जमला की थांबावे. साधी साखर घातल्यास कुकी जास्त पसरते आणि कुरकुरीत होते, पिठीसाखरेने आकार टिकतो. बेकिंग पावडर किंवा सोडा यात नको. नानकटाईला वरून भेगा हव्या असतात म्हणून तिथे तो घालतात. नक्षीच्या कुकीची मात्र त्याने नक्षी जाते.

नक्षीसाठी वेगळे यंत्र घ्यायची गरज नाही. चकलीचा सोऱ्या आणि चांदणीची चकती पुरते. जर्मन घरांतला कुकीचा साचा याच तत्त्वावर चालतो. पीठ घट्ट वाटले तर एक-दोन चमचे दूध घालावे. सोऱ्याचे पीठ मऊ असावे लागते, म्हणून आधी ट्रेवर कड्या पाडाव्यात आणि मग ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. सोऱ्या नको असेल तर पिठाची वळी करून गार करावी आणि एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापाव्यात.

ओव्हन १७० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे आधी तापवून ठेवावा. मधल्या खणात १४ ते १८ मिनिटे भाजावे. कडा सोनेरी झाल्या की बाहेर काढावे. मध्यभाग तेव्हा मऊच लागतो. गार होताना स्निग्धांश थिजतो आणि कुकी कडक होते. ‘अजून कच्ची आहे’ म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवल्यामुळे अनेक घाणे करपतात.

ओव्हन नसेल तर?

मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर कुकी होत नाही. त्यात पदार्थातले पाणी तापते, आजूबाजूची हवा गारच राहते, त्यामुळे वरून भाजल्याचा रंग येत नाही. कन्व्हेक्शन मोड असेल तर होते. पंख्याची गरम हवा असल्याने तापमान २० अंशांनी कमी ठेवावे. एअर फ्रायरलाही हेच लागू.

गॅसवर करायचे असल्यास जाड बुडाची जुनी कढई घ्यावी. आत तिवई, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटे तापवून मग आच अगदी मंद करावी आणि कुकीजची ताटली ठेवावी. ताटलीच्या कडेने हवा फिरायला जागा हवी. वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि खालची बाजू वरच्यापेक्षा लवकर लाल होते. तळाशी जाड मिठाचा थर दिल्यास आच सारखी लागते. नॉनस्टिक कढई रिकामी तापवू नये. प्रेशर कुकर वापरण्याची पद्धत आहे, पण कोरडा तापवणे कुकरला चांगले नाही.

बिघडलीच तर कारण कसे ओळखावे?

कुकी पसरली : बटर जास्त मऊ, पीठ गार न करता भाजले किंवा गरम ट्रेवरच दुसरा घाणा मांडला. दोन घाण्यांच्या मध्ये ट्रे गार होऊ द्यावा.

चिवट झाली : मैदा घातल्यावर जास्त मळले किंवा लोण्यात पाणी जास्त होते.

भुगा झाला : मैदा जास्त किंवा तूप बटरच्या वजनाइतके घातले. पूर्ण कणीक वापरली तरी असे होते, कारण कोंडा पाणी शोषतो. कणीक हवी असेल तर सुरुवातीला मैद्याच्या एकतृतीयांश घ्यावी.

खाली करपली, वर पांढरी राहिली : ट्रे फार खाली ठेवला किंवा ओव्हनचा काटा खरे तापमान दाखवत नाही. घरगुती ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांची तफावत असू शकते. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर हा त्यावरचा उपाय.

विकतच्या ‘बटर कुकी’त बटर किती?

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. नावात किंवा चित्रात एखाद्या घटकावर भर दिला असेल तर त्याचे प्रमाण टक्क्यांत लिहावे लागते. ‘बटर’ या शब्दापुढच्या कंसातला आकडा आणि त्याच्या वर यादीत कोणते तेल आहे, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. अनेक पाकिटांत पामतेल आधी आणि बटर बरेच नंतर येते. वरच्या घरगुती प्रमाणात बटर भाजण्यापूर्वीच्या पिठाच्या एकतृतीयांश असते.

म्हणूनच घरची कुकी विकतच्यापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बटर आणि तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तसा बिस्किटांवरचाही १८ वरून ५ टक्के झाला. या पदार्थात सर्वांत महाग बटरच असते आणि त्यात काटकसर केली की बटर कुकीचे फक्त नाव उरते.

किती खावी, किती टिकते?

लोण्याची म्हणून ती पौष्टिक असा समज करून घेऊ नये. वरच्या प्रमाणातल्या एका कुकीत साधारण ९५ ते १०० कॅलरी, सात ग्रॅमच्या आत बटर आणि तीन ग्रॅमच्या वर साखर असते. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीने संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून निघते. सहा-सात कुकीजमध्ये तो कोटा संपतो. चकली, चिवडा आणि लाडू त्याच ताटात असतात हे लक्षात ठेवून कुकीचा आकार लहान ठेवणे बरे.

पूर्ण गार झालेल्या कुकीज हवाबंद डब्यात साधारण दोन आठवडे चांगल्या राहतात. कोमट असताना डबा लावला तर आतल्या वाफेने त्या सादळतात. सादळलेल्या कुकीज १५० अंशांवर चार-पाच मिनिटे ठेवून गार केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात. खवट वास आला तर मात्र टाकून द्याव्यात. सणाच्या घाईत एकदम सगळे भाजण्यापेक्षा पिठाच्या वळ्या करून फ्रीझरमध्ये ठेवणे सोयीचे. महिनाभर त्या सहज टिकतात आणि पाहुणे आले की लागतील तेवढ्याच चकत्या कापून भाजता येतात.

कुणाला डबा भरून द्यायचा असल्यास झाकणावर भाजल्याची तारीख आणि घटक लिहावेत. गहू, दूध किंवा सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. विक्री करायची असल्यास घरगुती बेकरलाही ‘एफएसएसएआय’ची नोंदणी आवश्यक आहे.